जुन्या पिकअपच्या मीटरचे लाइट गेले, फ्यूज-बल्ब ठीक आहेत. अख्खं मीटर बदलावं लागेल का?

रावेर_केळीगाडी

राम राम मंडळी. गाडी २००८ ची डिझेल पिकअप, १२ व्होल्ट, स्पीडोमीटर केबलवर चालणारा. रावेर-सावदा पट्ट्यातून केळी भरून रात्री भुसावळ, जळगाव अशा खेपा असतात. पंधरा दिवस झाले, मीटरचे लाइट बंद आहेत. आधी गाडी खड्ड्यात आदळली की जायचे आणि बोर्डावर थाप मारली की परत यायचे. आता थाप मारूनही येत नाहीत.

आतापर्यंत केलेलं सांगतो. फ्यूज काढून पाहिला, अखंड आहे. मीटरमागचे चारही बल्ब नवे टाकले (१२ व्होल्ट ३ वॅट, काचेच्या बुडाचे), तरी काही फरक नाही. पूर्ण अंधारात काचेला डोळा लावून पाहिलं तर बल्बची तार विझत्या निखाऱ्यासारखी लालसर दिसते, म्हणजे थोडा तरी करंट येतो आहे. हेडलाइट, टेल लॅम्प, नंबर प्लेटचा दिवा सगळं चालू आहे.

दोन गोष्टी मात्र कळत नाहीत. पार्किंग लाइट लावली की इंडिकेटरचे दोन्ही हिरवे बाण आपोआप मंद पेटून राहतात, लुकलुकत नाहीत, आणि डिपर न देताही निळा दिवा दिसतो. त्याच वेळी डिझेलचा काटा जवळजवळ पाव टाकी वर चढतो, लाइट बंद केली की खाली येतो.

बल्ब बदलताना बॅटरीच्या आणि ऑइलच्या लाल दिव्यांत एलईडी टाकून घेतले. त्यानंतर सकाळी स्टार्टर जड फिरतो. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

इलेक्ट्रिशियन म्हणतो, मीटर आतून शॉर्ट आहे, पूर्ण बदला. जुन्या बाजारात मिळेल, पण तेही किती दिवस चालेल कोण जाणे. आधी काय तपासू?

---

धुळे_वायरिंग

भाऊ, मीटर बदलू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं एकाच ठिकाणी बोट दाखवतात: मीटरचा अर्थ (अर्थिंग, करंट बॉडीत परत जायची वाट) सुटला आहे. म्हणजे मीटरच्या कपलरमधून (वायरींच्या प्लगमधून) बॉडीला जाणारी काळी वायर, किंवा ती जिथे बोल्टाखाली बसते ती जागा.

कारण सांगतो. मीटरमधल्या लाइटच्या चारही बल्बांना पार्किंग स्विचकडून प्लस येतो आणि बल्बांतून निघालेला करंट मीटरच्या सामाईक अर्थने बॉडीत जातो. बाण आणि निळा दिवा यांचाही अर्थ तोच. तो अर्थ तुटला की चार बल्बांतून आलेल्या करंटला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग तो उलटा फिरतो. बाणाच्या बल्बातून इंडिकेटरच्या वायरीत शिरतो आणि बाहेरच्या २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बातून बॉडीला मिळतो. निळ्या दिव्यातून हेडलाइटच्या हाय बीमच्या तारेत जातो. म्हणून न लावलेले दिवे पेटतात. बाहेरचे बल्ब मात्र पेटलेले दिसत नाहीत, कारण एवढासा करंट २१ वॅटच्या तारेला तापवू शकत नाही. आणि लाइटच्या बल्बांच्या वाट्याला जेमतेम ३-४ व्होल्ट उरतात, म्हणून तार नुसती लालसर होते.

डिझेलच्या काट्याचं कारणही हेच. जुन्या मीटरमध्ये डिझेल आणि टेंपरेचरच्या काट्यांना ठरलेला, बॅटरीपेक्षा कमी दाब (व्होल्टेज) देणारा छोटा स्टॅबिलायझर असतो. तो आपला दाब मीटरच्या अर्थपासून मोजतो. अर्थच वर उचलला गेला की काट्यांना जास्त दाब मिळतो आणि दोन्ही काटे वर चढतात. लाइट लावल्यावर टेंपरेचरचा काटाही वर सरकतो का, पाहा. सरकत असेल तर शंकाच उरत नाही. मीटर आतून शॉर्ट असतं तर काटे वर चढत बसले नसते, फ्यूज उडाला असता.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जास्त तातडीची. चार्जिंगच्या लाल दिव्यातला एलईडी आजच काढा. तो दिवा फक्त दाखवायला नसतो. चावी फिरवली की करंट त्याच बल्बातून अल्टरनेटरच्या एल टर्मिनलला (काहींवर डी प्लस लिहिलेलं असतं) जातो आणि रोटरला (अल्टरनेटरच्या फिरणाऱ्या भागाला) पहिलं चुंबकत्व देतो. ३ वॅटच्या बल्बातून सुमारे पाव अँपिअर जातो, एलईडीतून २०-३० मिलिअँपिअर. तेवढ्यावर अल्टरनेटर जागा होत नाही, किंवा खूप रेस दिल्यावर होतो. सकाळी स्टार्टर जड फिरण्याचं हेच कारण असणार. तपासायला गाडी चालू करा, रेस न देता बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. १२.३ च्या आसपासच राहिला तर चार्जिंग होत नाही. पूर्वी होता तेवढ्याच वॅटचा तारेचा बल्ब परत टाका.

ऑइलच्या दिव्यातही माझं मत तारेच्या बल्बाचंच आहे. एलईडीला उलट-सुलट बाजू असते, उलटा बसला तर कधीच पेटणार नाही आणि प्रेशर गेल्याचं कळायच्या आत इंजिन बसेल. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी बॅटरी आणि ऑइल हे दोन्ही दिवे पेटलेच पाहिजेत. ऑइलचा नसेल पेटत तर इंजिनवरच्या प्रेशर स्विचची वायर काढून तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. दिवा पेटला तर बल्ब आणि वायर ठीक, स्विच खराब. नाही पेटला तर बल्ब, होल्डर किंवा वायर.

टेस्ट लॅम्प नसेल तर करून घ्या: १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, होल्डर, दीड मीटर वायर, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला शिवणाची जाड सुई. मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे केसाएवढ्या धाग्यावर टिकलेल्या वायरीतही तो पूर्ण १२ दाखवतो आणि माणूस फसतो. टेस्ट लॅम्प करंट ओढतो, म्हणून तो खोटं बोलत नाही.

मीटर बाहेर ओढून, कपलर लावलेलेच ठेवून, पार्किंग लाइट ऑन करून ही चार मापं पाठवा. मल्टिमीटरची काळी दांडी प्रत्येक वेळी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, बॉडीवर नाही. वायर पुरत नसेल तर लांब वायर जोडा.

एक, बॅटरीचा प्लस. दोन, फ्यूजची दोन्ही डोकी. तीन, मीटरच्या कपलरमध्ये लाइटची प्लस पिन. चार, त्याच कपलरमधली काळ्या वायरची पिन. चौथं माप ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब.

---

आप्पा_चाळीसगाव

धुळेकरांनी नेमकं सांगितलं आहे. मीटर बाहेर काढण्याबद्दल मी लिहितो, कारण मोडतोड तिथेच होते.

आधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडा. मीटरभोवतीच्या कव्हरचे वरचे स्क्रू बहुतेक समोरून दिसतात, खालचे एक-दोन स्टिअरिंगच्या आड असतात. कव्हर ओढून निघत नसेल तर एखादा स्क्रू राहिला आहे असं समजा, जोर लावू नका. पंधरा वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात जातो, बंद केबिनमधला बोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे हे काम सकाळी सावलीत करा. उन्हाने जुने झालेल्या कपलरचे लॉकही सहज तुटतात.

मीटरचे चार स्क्रू सोडल्यावर ते दोन-तीन इंच पुढे येतं आणि अडतं. अडतं ते स्पीडोमीटरच्या केबलमुळे. पुढून ओढत बसू नका. बॉनेट उघडा, केबल जिथून आत शिरते तिथलं रबर ढिलं करा आणि केबल बाहेरून आत ढकला, म्हणजे मागे हात घालायला जागा मिळते. काही गाड्यांत केबलच्या टोकाला खाचा असलेली फिरकी असते, ती डावीकडे फिरवून सोडायची. काहींत प्लास्टिकची पट्टी असते, ती दाबून केबल मागे ओढायची.

कपलर काढण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या. लॉक दाबा, कपलरचं अंग धरा, वायरी धरून ओढू नका. धुळेकरांच्या मापांसाठी कपलर परत लावायचे आणि बॅटरी जोडायची. मागच्या बाजूने वायरीच्या कडेने सुई आत सरकवली की पिनला टेकते. पुढून पिनच्या तोंडात सुई घालू नका, तोंड पसरतं आणि उद्या तोच नवा लूज कॉन्टॅक्ट होतो.

मीटर बाहेर असताना काच पुसायची असेल तर साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड. पेट्रोल, थिनर अजिबात नको, काच ॲक्रिलिकची असते, धुरकट होऊन बारीक चिरा पडतात.

अर्थचा संशय पक्का आहे, पण एक शक्यता मनात असू द्या. मीटरचे लाइट कमी-जास्त करायचं गोल चाक असेल, म्हणजे डिमर, तर तोही पाहा. आत तारेचं वेटोळं असतं, त्यावर एक पत्री फिरते. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की तिथे गंज धरतो. चाक दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दोन वायरींचा साधा डिमर असेल तर दोन्ही वायरी तुकड्याने जोडून पाहा, लाइट आले तर डिमर गेला. तीन वायरींचा इलेक्ट्रॉनिक डिमर मात्र असा जोडू नका, त्यातली एक वायर अर्थ असते आणि फ्यूज उडेल. तुमच्या गाडीत बाण पेटतात म्हणून मी डिमरला दुसऱ्या नंबरवर ठेवतो. डिमर गेला असता तर करंट मीटरपर्यंत पोचलाच नसता आणि बाणही पेटले नसते.

---

रावेर_केळीगाडी

आप्पा, धुळे दादा, दोघांचे आभार. काल सकाळी सात वाजता सुरू केलं. केबल बाहेरून आत ढकलली तेव्हा मीटर बाहेर आलं, नाहीतर मी ओढून तोडलंच असतं. चार्जिंग आणि ऑइलच्या दोन्ही दिव्यांत जुने तारेचे बल्ब परत टाकले.

पार्किंग लाइट ऑन, इंजिन बंद, काळी दांडी बॅटरीच्या निगेटिव्हवर:

बॅटरी प्लस १२.२
फ्यूज, दोन्ही डोकी १२.१
मीटरच्या कपलरची लाइटची पिन ११.९
कपलरची काळी वायर ८.२

टेंपरेचरचा काटाही लाइट लावली की चढतो. डिमर आमच्या गाडीत नाहीच.

---

धुळे_वायरिंग

झालं, निकाल लागला. ११.९ मधून ८.२ गेले, बल्बांना मिळतात ३.७ व्होल्ट. १२ च्या बल्बाला ३.७ दिले तर तार लालच दिसणार. बाकीचे ८.२ व्होल्ट बाणांच्या उलट्या वाटेवर आणि गंजलेल्या अर्थवर खर्च होतात. प्लसच्या बाजूला बॅटरीपासून मीटरपर्यंत फक्त ०.३ कमी झाले, म्हणजे फ्यूज, स्विच, वायर सगळं निरोगी आहे. तिकडे वेळ घालवू नका.

आता पुरावा. दीड स्क्वेअर एमएमची वायर घ्या, एक टोक कपलरच्या काळ्या वायरीत सुईने, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. लाइट लगेच पूर्ण पेटतील, बाण विझतील, डिझेलचा काटा जागेवर येईल. हे झालं की काळ्या वायरीचा माग काढत जा. जुन्या पिकअपमध्ये ती साधारण बोर्डाखाली, स्टिअरिंगच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर किंवा पायाजवळच्या बाजूच्या पत्र्यावर बोल्टाखाली इतर दोन-तीन काळ्या वायरींसोबत बसते. टॉर्च लावून पाहा. पांढरट-हिरवी पूड दिसली की तीच जागा.

दुरुस्ती अशी: बोल्ट पूर्ण काढा. नुसता आवळून भागत नाही, पूड आत दबते आणि महिन्याभरात पुन्हा तेच. थिंबलच्या (वायरीच्या टोकाच्या भोकाच्या पत्रीच्या) दोन्ही बाजू आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, सभोवती अर्धा इंच रंग काढा. थिंबलची वायर तोंडाशी काळी-हिरवी पडली असेल तर दोन इंच कापून ताजं तांबं दिसेपर्यंत मागे जा आणि नवं थिंबल दाबा. ६ एमएमचं भोक, दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीचं. थिंबल आणि पत्र्याच्या मध्ये दातेरी वॉशर, मग बोल्ट. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस. आधी लावू नका, कॉन्टॅक्ट स्वच्छ लोखंडाचा असायला हवा.

आळसाने सीटच्या बोल्टाला किंवा कव्हरच्या स्क्रूला नवी काळी वायर जोडून मोकळं होऊ नका. रंगाच्या थरावर बसलेला बोल्ट आज चालतो, पावसाळ्यात सोडतो. आणि कपलरमधली काळी पिन काळी-हिरवी नसेल ना, तेही बघा. असली तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, कपलर चार-पाच वेळा काढा-घाला. तोंड पसरलं असेल तर बारीक सुईने किंचित आत दाबा.

जाता जाता बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारे जाड अर्थ पट्टेही मोजा. काळी दांडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल बॉडीच्या उघड्या लोखंडावर, हेडलाइट ऑन: ०.१ च्या आत हवं. मग इंजिनच्या ब्लॉकवर लाल ठेवून स्टार्टर मारा: ०.५ च्या आत. जास्त आलं तर तो पट्टा काढून घासा.

---

यावल_नाना

मधेच विचारतो, त्रास जवळचाच आहे म्हणून. माझ्या पिकअपला पार्किंग लावली की १० अँपिअरचा लाल फ्यूज उडतो. मीटरचे लाइट, टेल लॅम्प, नंबर प्लेट सगळं एकदम जातं. खड्ड्यात उडतो, कधी उभ्या गाडीत टिकतो. एकाने २० चा पिवळा टाक म्हणून सांगितलं.

---

आप्पा_चाळीसगाव

नाना, २० चा टाकू नका. त्या वायरीची जाडी १० च्या हिशेबाने आहे. पुढचे-मागचे दिवे, नंबर प्लेट आणि मीटर मिळून त्या सर्किटचं काम ३ ते ४ अँपिअरवर चालतं, मग १० चा उडतो म्हणजे कुठेतरी वायर सरळ बॉडीला लागते आहे. २० चा टाकला की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती वायर बोर्डाखाली इतर वीस वायरींच्या जुडग्यात आहे. केबिन पेटते ती अशीच.

एक फ्यूज टाकून उडवत बसण्यापेक्षा हे करा. त्या सर्किटचे सगळे बल्ब काढा: पुढचे दोन पार्किंग, मागचे टेल, नंबर प्लेट, मीटरचे लाइट. टेल आणि ब्रेकचा मिळून एकच बल्ब असेल तर तोही. मग फ्यूज काढून त्याच्या जागी १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा आणि पार्किंग स्विच ऑन करा. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण उजेडाने पेटेल, आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, म्हणजे वायर सुरक्षित. आता निवांतपणे एकेक कपलर सोडत जा. ज्या कपलरला बल्ब विझला, शॉर्ट त्याच्या पुढे. मग त्या भागातल्या वायरी हाताने हलवत पुढे जा, लुकलुकला की तिथेच.

बल्ब काढायचे विसरलात तर ते सगळे चांगले बल्ब मिळूनही २१ वॅटचा बल्ब पेटवतात आणि तुम्ही नसलेला शॉर्ट शोधत बसाल.

पिकअपमध्ये जागा ठरलेल्या आहेत. टेल लॅम्पची वायर चेसिसच्या भोकातून जाते तिथे रबर गळून पडलेलं असतं आणि लोखंडाच्या धारेवर घासून कव्हर फाटतं. हौद्याच्या बाजूला ताडपत्रीचे हूक वेल्डिंग करताना वायर भाजलेली असते. हौद्यावर लावलेल्या रंगीत दिव्यांच्या पट्ट्या टेल लॅम्पच्या वायरीत पिळ मारून जोडलेल्या असतात आणि पाणी शिरलं की तोंड उघडं पडतं. केळीचे घड धुताना गाडीच्या मागच्या भागावर रोज पाणी पडतं, त्यात ही जोडणी टिकत नाही. कापसाच्या किंवा धान्याच्या गोदामाजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी बोर्डाखाली कुरतडलं आहे का तेही पाहा.

आणि टेप? म्हणजे बाहेरून लावलेला स्टिरिओ. त्याची केशरी वायर लाइटसाठी असते. ती उघडी सोडली असेल किंवा कुठेतरी टेकत असेल तर अगदी असाच, हादऱ्याने उडणारा शॉर्ट होतो. हे आधी बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

---

यावल_नाना

टेपच्या मागे केशरी वायर उघडी होती आणि बोर्डाच्या पट्टीला टेकत होती. टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळून बांधली. बल्बवाली पद्धत तरी करून पाहतोच, हौद्याच्या मागच्या जोडणीबद्दल लिहिलं ते सगळं माझ्या गाडीत आहे.

---

रावेर_केळीगाडी

काळी वायर थेट बॅटरीला लावली आणि लाइट झपकन आले. बाण विझले, काटा खाली आला. बोल्ट सापडला पायाजवळ, बाजूच्या पत्र्यावर. तीन काळ्या वायरी एकाखाली एक. बोल्ट हाताने फिरत होता आणि खालचं थिंबल पूर्ण हिरवं. वर बोट लावलं तर ओलं. घासून, नवं थिंबल, दातेरी वॉशर घालून बसवला. आता काळ्या पिनवर ०.०४ व्होल्ट.

गाडी चालू करून बॅटरीवर १४.१ येतो, रेस न देता. म्हणजे एलईडीचाच तो प्रताप होता.

एक राहिलं. डाव्या बाजूचे दोन बल्ब अजून पेटत नाहीत. बल्ब उजवीकडे टाकले की पेटतात, म्हणजे बल्ब चांगले. तिथलं हिरवट पातळ शीट होल्डरभोवती तपकिरी झालं आहे.

---

धुळे_वायरिंग

ते शीट म्हणजे मीटरची छापील तांब्याची पट्टी. होल्डरचे दोन कान तिच्यावर टेकतात. तपकिरी झालं म्हणजे तिथे बहुधा कधीतरी ३ वॅटऐवजी ५ वॅटचा बल्ब बसवला होता. बुड सारखंच असतं म्हणून बसतो, पण उष्णतेने शीट जळतं आणि होल्डरचं प्लास्टिक ढिलं होतं. उजेड वाढवायला जास्त वॅट, हे मीटरमध्ये करू नका.

आधी सोपं करा. होल्डर पाव वळसा फिरवून काढा, त्याचे तांब्याचे कान नखाने किंचित बाहेर उचला आणि पॉलिश पेपरने पुसा. शीटवर कान टेकतात ती जागा पेन्सिलच्या खोडरबराने चोळा, पॉलिश पेपर तिथे नको, तांब्याचा थर फारच पातळ असतो. होल्डर परत बसवा. बऱ्याचदा एवढ्यानेच येतो.

नाही आला तर पट्टी तुटली आहे. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवा, कपलरच्या लाइटच्या पिनपासून होल्डरच्या जागेपर्यंत पट्टीवर दांडी टेकवत जा, जिथे आवाज थांबेल तिथे तुटलं. तशीच अर्थची बाजू. तुटलेल्या ठिकाणाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच एमएम वरचा पारदर्शक थर ब्लेडच्या धारेने हळूच खरवडा, तांबं चमकलं की थोडा फ्लक्स लावून कथिलाचा हलका थर द्या. २५ वॅटचं सोल्डरिंग पुरे, टोक दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, शीट प्लास्टिकचं आहे, आकसून वाकडं होतं. मग अर्धा स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरीचा तुकडा दोन्ही ठिकाणी जोडून पूल करा आणि वायर शीटला टेपने चिकटवा, म्हणजे हादऱ्याने जोड सुटणार नाही. पट्टी बराच भाग जळली असेल तर कपलरच्या पिनजवळून थेट होल्डरपर्यंत वायर न्या, मध्ये काही ठेवू नका.

बसवण्याआधी मीटर बाहेर असतानाच सगळं तपासा: पार्किंग, डावा बाण, उजवा बाण, डिपर, हँडब्रेक, चावी ऑनला बॅटरी आणि ऑइल. एकदा कव्हर लागलं की पुन्हा तेच चार स्क्रू आणि तीच केबल.

आणि बोल्टावर ओलं लागलं असं लिहिलंत, ते सोडून देऊ नका. पाणी वरून येतंय. पुढच्या काचेचं रबर खालच्या कोपऱ्यात कडक होऊन सुटलं असेल, किंवा वायपरच्या खालच्या जाळीत पाला साचून पाणी केबिनमध्ये उतरत असेल. एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून काचेच्या खालच्या कडेवर पाइपने हळूहळू पाणी सोडा. आधी एका कोपऱ्यावर, मग जाळीवर, मग दुसऱ्या कोपऱ्यावर. धार पत्र्यावरून कुठून उतरते ते दिसेल. जाळीतला पाला काढा, रबराच्या फटीत काचेचं सीलंट भरा आणि एक दिवस सुकू द्या. मृगाच्या आधी एवढं करून टाका, नाहीतर नवं थिंबल दिवाळीपर्यंत पुन्हा हिरवं होईल.

---

रावेर_केळीगाडी

खोडरबराने एक आला. दुसऱ्याची अर्थची पट्टी होल्डरच्या कानाखालीच तुटली होती, वायरीचा पूल केला, तोही आला. आता चारही सारखे पेटतात.

पाइप लावून पाहिलं. पाणी वायपरच्या जाळीतून येतं, डाव्या कोपऱ्यात केळीच्या वाळक्या पानांचा ओंजळभर चोथा निघाला. तिथून ते बोर्डामागून पट्टीवर वाहत उजवीकडे येऊन बरोबर त्या बोल्टावर पडत होतं. जाळीखालची पन्हाळी साफ केली, उद्या पुन्हा पाणी सोडून बघतो.